उलटी बसवलेली सुई

"रोज सकाळी तोंड धुऊन झालं की चार गोष्टी करून घ्यायच्या. नाव सांगायला लावायचं, दोन्ही हात वर करायला लावायचे, हसायला लावायचं आणि एक अख्खं वाक्य बोलायला लावायचं. आणि मावशी, अर्धं डोकं दुखतंय म्हणाले तर गोळी देऊन झोपवायचं नाही. उचलायचं आणि इकडे आणायचं."

शनिवारी काकांना घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने हे सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, काकूंकडून परत म्हणवून घेतलं होतं. काकूंनी ते औषधांच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने एकाखाली एक लिहून काढलं आणि पाकीट उशाशी ठेवलं.

काकांना सगळा रस्ता मशीनकाका म्हणायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या खोलीत मशीनपेक्षा त्यांचाच आवाज जास्त चालायचा. दीड महिन्यापूर्वी काम करता करता त्यांचा उजवा हात दहा मिनिटं मेल्यासारखा झाला आणि स्क्रू-ड्रायव्हर पायावर पडला. तपासण्या झाल्या. मानेच्या डाव्या बाजूची, मेंदूला रक्त नेणारी नस आतून जवळजवळ बुजली होती. डॉक्टरांनी मान उघडून ती नस साफ केली. घरी आल्यावर काकांनी आरशात मान वाकडी करून टाके बघितले. "सरळ आलेत," ते म्हणाले. "डॉक्टरांची मशीन बरी आहे. टाका जरा लांब ठेवलाय एवढंच."

काकूंचं सगळं याच्या उलट. बोलणं थोडं, तेही हळू. दिवसाचे त्यांचे नेम ठरलेले होते, आणि त्यातला सगळ्यात जुना नेम मौनाचा. पहाटे उठल्यापासून माळ पुरी होईपर्यंत, म्हणजे साडेसात वाजेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी हा नेम धरला. कशासाठी धरला ते देवाला माहीत आणि त्यांना. ताप आला, पाहुणे आले, लेकीचं लग्न झालं, तरी एकही सकाळ चुकली नव्हती. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बायकोचं तोंड दोन तास बंद. नवस मी केला होता, फेडतेय ती."

त्यामुळे सिस्टरच्या चार गोष्टी कशा करून घ्यायच्या हा प्रश्नच होता. पण तो काकांनीच सोडवला. काकू पाकीट समोर धरून पहिल्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि काका कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. "नाव मशीनकाका. वय एकसष्ट. राहणार बायकोच्या धाकात. हे घे हात. हे घे हसणं. आणि वाक्य म्हणशील तर, चहात साखर कमी आहे, हे मी एकतीस वर्षं बोलतोय." काकू ओठ मिटून हसायच्या आणि माळ घेऊन बसायच्या. चार सकाळी अशा गेल्या.

मंगळवारी दुपारी मात्र त्यांनी काकांना डावं कानशील अंगठ्याने दाबताना बघितलं.

"दुखतंय का?"

"उशी बदललीस ना, त्याने."

"अर्धं दुखतंय?"

"अर्धं कुठे, पाव दुखतंय. पाव डोक्याचं सिस्टर काही बोलली नाही. तू आता फोन करशील, ती मला परत पलंगाला बांधेल."

काकू हसल्या नाहीत, पण फोनही केला नाही. बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात प्रेशर मोजून यायचं होतं. तिथे रांग बघून काका तसेच परत आले, आणि जेवून झाल्यावर फारच खुशीत बोलले.

"माझ्यावर एक देणं राहिलंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुला काय म्हणालो होतो? धड घरी आलो तर एक सकाळ तुझ्याबरोबर मौन धरेन म्हणून. उद्या धरतो."

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "कुकरला शिट्टी करू नको म्हणून सांगण्यासारखं आहे ते."

"उद्या बघच तू," काका म्हणाले आणि कुशीवर वळले. दहा वाजले होते. काकूंनी घड्याळ बघितलं ते दिवा मालवण्यासाठी.

गुरुवारी सकाळी काका उशिरा, सहाला उठले. काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला. काका कपाकडे बघत बसले, मग डाव्या हाताने तो उचलला. बोलले नाहीत. काकूंनी सवयीने पाकीट काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. काकांनी कागदाकडे बघितलं, मग काकूंच्या तोंडाकडे. ओठ जरासे हलले आणि परत मिटले.

काकूंना एकदम आठवलं आणि त्यांनी जीभ चावली. आज त्यांचं मौन. मौनात बसलेल्या माणसाला बोलायला लावायचं म्हणजे त्याचं व्रत आपल्या हाताने मोडायचं. त्यांनी पाकीट पदराखाली घेतलं आणि माफी मागितल्यासारखे हात जोडले. काका एका गालाने हसले. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती, चेहरा अंधारात होता. काकूंना ते हसणं चेष्टेचं वाटलं.

खरं सांगायचं तर काकूंना त्या सकाळी फार बरं वाटत होतं. एकोणीस वर्षं ज्या शांततेत त्या एकट्या बसत होत्या, तिथे आज कोणीतरी शेजारी येऊन बसलं होतं. माळेचे मणी नेहमीपेक्षा सावकाश सरकत होते. काका समोर खुर्चीत बसून होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. काकूंनी उठून ती नीट केली, आणि काकांनी लहान मुलासारखी लावू दिली. एरवी त्यांनी हात झटकला असता. काकूंच्या मनात आलं, माणूस दोन तास गप्प राहिला तर किती मऊ होतो.

सव्वासातला दुकानाचं दार वाजलं. पिशवीवाली आली होती. ती बाजारासाठी कापडी पिशव्या शिवायची. आठाच्या आत मशीन चालू झालं नाही तर तिचा दिवस जायचा, म्हणून ती नेहमी अशी सकाळीच यायची. मशीनचं डोकं तिने कमरेवर मूल घ्यावं तसं घेतलं होतं.

"काका, टाके सोडतेय. चार घालते, पाचवा गिळते. मानेचं कसं आहे आता?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, आधी आपल्या, मग काकांकडे दाखवून.

"दोघंही?" पिशवीवाली हसली. "मग मशीनशी तरी बोलणार का नाही आज?"

काका टेबलाशी गेले. चालताना उजवा पाय जरा मागे राहिल्यासारखा वाटला, पण खोलीत जमिनीवर नेहमीच सतरा वस्तू पडलेल्या असायच्या. त्यांनी डाव्या हाताने सुईचा स्क्रू सैल केला. जुनी सुई काढून टाकली. काकूंनी नवी सुई पुढे केली, जशी त्या तीस वर्षं करत होत्या. काकांनी ती वर सरकवली, स्क्रू पिळला, आणि बसून राहिले.

"काका," पिशवीवाली खाली वाकून म्हणाली, "उलटी बसवलीत. चपटी बाजू इकडे आलीय."

काकूंनी बघितलं. सुईच्या देठाची एक बाजू चपटी असते, ती कुठल्या मशीनला कुठल्या अंगाला ठेवायची हे काका डोळे झाकून करायचे. झोपेत करतील असं लोक म्हणायचे. शिकायला येणाऱ्या मुलींना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी जी चुकेल तिला घरी पाठवायचे.

त्यांनी माळ टेबलावर ठेवली. अर्धी राहिली होती.

"अहो," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्या वेळेला त्या घरात न उमटलेला आवाज होता तो. पिशवीवालीने चमकून वर बघितलं. "अहो, नाव सांगा."

काकांनी तोंड उघडलं. "टा," ते म्हणाले. "टा, टा." आणि स्वतःच्याच तोंडातून हे काय निघतंय म्हणून घाबरून काकूंकडे बघितलं.

"हात वर करा. दोन्ही."

डावा वर गेला. उजवा मांडीवरून उठून टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि ओल्या फडक्यासारखा गळला.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. पिशवीवाली मशीन तिथेच टाकून बरोबर चढली. गाडीतल्या माणसाने काकांच्या नाकाला नळी लावली, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला आणि आकडा बघून ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलं. गाडी जोरात निघाली.

"मावशी, आत गेल्यावर वेळ विचारतील," तो म्हणाला. "शेवटचं नीट कधी बोलले ते. साडेचार तासांच्या आतलं असेल तर गुठळी विरघळायचं इंजेक्शन देतात. त्याच्या पलीकडचं सांगितलं तर देत नाहीत. मागे एकांनी रात्रीपासून म्हणून सांगितलं, बसले मग हात चोळत."

 पिशवीवालीने काकूंचा गुडघा धरला.

"काकू, साडेसहा सांगा."

"साडेसहाला ते बोलले नाहीत."

"मला माहितीय. तरी सांगा. साडेसहाला चहा मागितला म्हणा, साखर कमी आहे म्हणाले म्हणा. कोण होतं बघायला? मी पण म्हणते, मी तिथेच होते."

काकांचा डावा हात काकूंच्या हातात होता आणि तो घट्ट धरून होता. काकूंनी रात्रीचे तास मोजले. दहा ते आठ, दहा तास. सकाळी सहाला पाकीट पुढे केलं तेव्हा विचारलं असतं तर आठ तास. तेही साडेचारच्या बाहेरच होते, पण दोन तास तर वाचले असते. खोटं न बोलण्याचा त्यांचा काही वेगळा नेम नव्हता. तशी वेळच आली नव्हती. आणि आता आली होती तर पारड्यात काकांची वाचा होती. साडेसहा हा शब्द किती लहान आहे. जिभेवर आणून बघितला, तो सहज आला.

आत एक तरुण डॉक्टर चालत चालतच विचारत होता. नाव, वय, ऑपरेशन कधी, कुठल्या गोळ्या. काका स्ट्रेचरवर, चाकांचा खडखडाट, मागे पिशवीवालीच्या चपला.

"शेवटचं नीट कधी बोलले? नक्की वेळ सांगा."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

"रात्री दहाला," त्या म्हणाल्या.

पिशवीवालीने डोळे मिटून घेतले.

"सकाळी उठल्यावर काहीच बोलले नाहीत? आणि तुम्हाला आठ वाजेपर्यंत कळलं नाही?"

"आम्ही सकाळी बोलत नाही. माझा नेम आहे. आज ते पण धरणार होते. मला वाटलं, धरलाय."

डॉक्टर थांबला.  "डोकं दुखत होतं?"

"मंगळवारपासून. डावीकडे. पाव डोकं."

"पाव?"

"ते पाव म्हणत होते. मी ऐकून घेतलं. काल प्रेशर मोजायचं होतं, तेही राहिलं."

डॉक्टरने वळून कोणाला तरी हाक मारली. आवाज बदलला होता. "दोनशे चौदा आहे ना? आधी प्रेशर खाली आणा. मग स्कॅन. आणि फिटचं औषध भरून ठेवा." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांची मान एका बाजूला ओढली गेली, डोळे फिरले आणि उजवा हात, जो सकाळपासून मेला होता, तो आपोआप झटके देऊ लागला. सिस्टरने पडदा ओढला. काकूंना फक्त पडद्याखालून पाय दिसत होते, पाच-सहा जणांचे, कोणी कोणाला अडवत नव्हतं. एक पाय काकांचा, स्ट्रेचरच्या कडेबाहेर आलेला, थरथरत.

काकूंनी माळेसाठी पदर चाचपला. माळ घरी टेबलावर होती.

पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आला. या वेळी तो त्यांच्यासमोर बाकावर बसला.

"गुठळी नाहीये," तो म्हणाला. "उलटं झालंय. इतकी वर्षं मेंदूच्या त्या बाजूला रक्त कमी जायचं, तिथल्या बारीक नळ्या तेवढ्यावरच जगायला शिकल्या होत्या. आपण मानेतला रस्ता मोकळा केला, त्यात प्रेशर चढलं, आणि रक्त एकदम आत घुसलं. त्या नळ्यांना ते आवरलं नाही. सूज आलीय. एके ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका दिसतोय. तो तेवढाच राहिला तर बरंच परत येईल. वाढला तर मी काही सांगू शकत नाही. पुढचा दीड दिवस बघायचं."

"आणि ते इंजेक्शन?" पिशवीवालीने विचारलं.

"गुठळीचं? नाही नाही. ह्यात ते दिलं तर रक्त थांबणारच नाही. स्कॅनमध्ये हा ठिपका नसता दिसला, आणि वेळ आतली असती, तर कदाचित विचार झाला असता." तो उठला. "डोकेदुखीचं मंगळवारीच कळवलं असतं तर फार बरं झालं असतं, मावशी."

"हो," काकू म्हणाल्या.

तो गेल्यावर पिशवीवाली बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला साडेसहा सांगा म्हणाले."

"तू चांगल्यासाठी म्हणालीस."

"तेच तर."

लेक दुपारी पोचली, तीन तासांचा प्रवास करून. काचेतून वडिलांना बघून आली आणि आईसमोर उभी राहिली. ती वडिलांवर गेली होती, मनात आलेलं तिला तोंडात धरून ठेवता येत नव्हतं.

"किती वाजता उठले होते बाबा?"

"सहा."

"आणि तू कधी बोललीस?"

"साडेसातच्या आत. माळ अर्धी होती."

"म्हणजे दीड तास. दीड तास ते तुझ्यासमोर बसून होते, आई. त्यांना बोलता येत नव्हतं आणि तू…" ती थांबली. "तू त्यांची बटणं लावलीस म्हणे."

"हो."

"सिस्टरने सांगितलं होतं ना तुला?"

"दोनदा. परत म्हणवूनही घेतलं होतं."

लेकीला भांडायला काहीतरी हवं होतं आणि आई ते देत नव्हती. ती धपकन बाकावर बसली. "काहीतरी बोल ना. तुझं काही चुकलं नाही असं तरी म्हण, म्हणजे मला ओरडता येईल."

"चुकलंय," काकू म्हणाल्या. "त्यांचं मौन मोडू नये म्हणून मी विचारलं नाही. आणि मला बरं वाटत होतं गं. ते सोबत बसलेत म्हणून मी देवाचे आभार मानत होते. प्रत्येक मण्याला."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. थोड्या वेळाने तिने डबा उघडला, दोघींच्या मध्ये ठेवला. कोणी हात लावला नाही.

दीड दिवस तिथेच गेला. प्रेशरचा आकडा काचेपलीकडच्या पडद्यावर हिरवा दिसायचा. एकशे ऐंशी. एकशे बासष्ट. परत एकशे सत्तर. काकू त्या आकड्याकडे बघत बसल्या. एकशे चाळीस झाला तेव्हा सिस्टरने आतून मान हलवली. शुक्रवारी संध्याकाळी दुसरा स्कॅन झाला. ठिपका होता तेवढाच होता.

शनिवारी काकांना वॉर्डात आणलं. उजव्या हाताची बोटं हलत होती. सगळं कळत होतं. लेकीला बघून डोळे भरून आले. पण बोलायला गेले की शब्द कुठून कुठे जात होते. पाणी हवं होतं, "तेल" म्हणाले. लेकीला "बॉबिन" म्हणाले आणि चुकलं हे कळून त्यांनी डाव्या हाताने पलंगावर मूठ आपटली. मग भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर बोलून जगलेला माणूस होता तो.

बोलणं परत शिकवणारी एक मुलगी दुपारी आली. तिने काकांना चित्रं दाखवली, ओठ कसे करायचे ते दाखवलं. मग काकूंना बाजूला घेतलं.

"येईल हळूहळू. पण मी दिवसात अर्धा तास येणार. बाकी घरच्यांनी करायचं. सकाळी उठल्यावरचा पहिला तास सगळ्यात चांगला, डोकं दमलेलं नसतं. त्या वेळी त्यांच्याशी कोणीतरी गप्पा मारायला हव्यात. हे काय, ते काय, असे प्रश्न नकोत, परीक्षा नको. साध्या गप्पा. आपण एक वाक्य बोलायचं आणि त्यांच्या उत्तराची वाट बघायची. कितीही वेळ लागू दे, शब्द त्यांच्या तोंडात घालायचा नाही. कोण करेल हे? तुम्ही, ताई?"

"मी थांबू शकते आठवडाभर," लेक म्हणाली. "नंतर…" आणि आईकडे न बघता म्हणाली, "आईला सकाळी जमत नाही."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण त्यांची पाठ ऐकत होती.

काकू पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या, काकांच्या तोंडासमोर. तिथे जागा अरुंद होती, सलाइनचा खांब सरकवावा लागला.

"उद्यापासून सहा वाजता मी येते," त्या म्हणाल्या. "रोज. गप्पा मारायला."

काकांनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांचे ओठ जुळवाजुळव करत राहिले. काकू थांबल्या. लेक पुढे झाली, तिला त्या मुलीने हातानेच अडवलं.

"तू," काका म्हणाले. मग आणखी वेळ गेला. "गप्पा?"

लेक हसली आणि तिला रडू आलं. काकू म्हणाल्या, "शिकेन."

बाहेर आल्यावर लेकीने हळूच विचारलं, "आणि तुझा नेम?"

"संध्याकाळी धरेन, दिवा लावल्यावर. देवाला कुठलीही वेळ चालते गं. सकाळच पाहिजे असं माझंच होतं."

"एकोणीस वर्षं झाली."

"हो ना," काकू म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "काय बोलतात गं लोक तासभर?"

नातेवाइकांच्या हॉलमध्ये रविवारी पहाटे पाचलाच त्यांना जाग आली. आजूबाजूला माणसं चादरी ओढून झोपली होती. त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले, आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग खाली बसून इकडे तिकडे बघायला लागल्या. एरवी सकाळी त्या आत बघायच्या. आज बाहेर काय काय आहे ते गोळा करायचं होतं.

दारावरचा पहारेकरी बूट काढून एका पायाने दुसरा पाय खाजवत होता. फरशी पुसायचं यंत्र घेऊन एक बाई आली, त्याचं पुढचं चाक दर फेऱ्याला कुईं करत होतं. तेल हवं होतं त्याला. काकूंनी कान देऊन ऐकलं, तेल की वॉशर, हे काही त्यांना ठरवता येईना. चहाच्या खिडकीतला माणूस झोपेत एकाच कपात दोनदा चहा ओतून बसला आणि स्वतःवरच चिडला. कोपऱ्यातल्या आजोबांनी नातवाच्या स्वेटरची बाही पायात घातली होती. काकू मनातल्या मनात एकेक वाक्य जुळवून बघत होत्या. आधी यंत्राचं सांगावं. मग चहावाल्याचं. स्वेटरवर ते नक्की हसतील, पण त्यांच्यासारखं रंगवून सांगता आलं पाहिजे.

पावणेसहा झाले. लेक गाढ झोपली होती, तिच्या अंगावरची चादर त्यांनी सारखी केली. मग चपला घातल्या, आणि ओठ हलवत, पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, जिन्याकडे निघाल्या.